गतिरोधक चकती, मोटारगाडीची

मोटारगाडीच्या चाकाबरोबर फिरणारी आणि जिच्या दोन्ही पृष्ठभागांवर घर्षण-ठोकळे दाबून गाडीचा वेग कमी केला जातो, अशी बिडाची तबकडी. कारागिरांच्या बोलीत तिला ‘डिस्क’ किंवा ‘रोटर’, घर्षण-ठोकळ्यांना ‘पॅड’ आणि ते ज्यात बसविलेले असतात त्या चिमट्यासारख्या भागाला ‘कॅलिपर’ म्हणतात. चकती झिजली किंवा तिचा पृष्ठभाग वाकडातिकडा झाला म्हणजे ती बदलावी लागते. परंतु काही वर्षे वापरलेल्या गाडीत ती चाकाच्या तुंब्यावर (हबवर) गंजून इतकी घट्ट बसलेली आढळते की, सर्व बोल्ट काढल्यावरही ती जागची हलत नाही. हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला, तरी त्याची मुळे चकतीच्या इतिहासात व तिच्यासाठी निवडलेल्या धातूत आहेत. त्यांचा, तसेच चकती सोडविण्याच्या रूढ रीतींचा परामर्श येथे घेतला आहे.

रचना व कार्य : चकतीचा मधला भाग टोपीसारखा उंचावलेला असतो. टोपीच्या मध्यभागी असलेले गोल भोक तुंब्यावरील उंच कडीवर नेमके बसते व टोपीची आतील सपाट बाजू तुंब्याच्या तोंडाला टेकते. चाकाचे बोल्ट आवळले की चाक, चकती व तुंबा हे तिन्ही एकजीव होऊन फिरतात. चालकाने पायपट्टी दाबली म्हणजे नळीतील द्रवाचा दाब कॅलिपरमधील दट्ट्यावर पडतो, दट्ट्या पॅड पुढे ढकलतो व फिरती चकती दोन पॅडांच्या चिमटीत सापडते.

गतिरोधकाचे खरे काम गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करून ती उष्णता हवेत सोडणे हे होय. एक टन वजनाची गाडी १०० मी. उंचीचा घाट स्थिर वेगाने उतरते, तेव्हा सु. ९८० किलोजूल ऊर्जा उष्णतेच्या रूपात बाहेर पडावी लागते. ती सर्व पुढील दोन चाकांच्या मिळून १० किग्रॅ. वजनाच्या चकत्यांत शिरली व वाऱ्याने मुळीच निवली नाही असे मानल्यास, चकत्यांचे तापमान सु. २००° से.ने वाढेल. प्रत्यक्षात वारा व एंजिनाचा विरोध यांमुळे वाढ कमी होते. तरीही घाट लांब असल्यास किंवा वरचेवर जोराने थांबावे लागल्यास चकतीचा पृष्ठभाग कित्येक शे अंशांपर्यंत तापतो.

ही उष्णता सोसण्यासाठी करडे बीड हा धातू सोयीचा ठरला आहे. त्यात सु. ३ ते ४ टक्के कार्बन असून त्याचा बराच भाग ग्रॅफाइटाच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात असतो. या पापुद्र्यांमुळे उष्णता लवकर पसरते व कंपने शोषली जातात, म्हणजे चकती किंचाळत नाही. बीड साच्यात सहज ओतता येते, लेथवर सहज कातता येते व स्वस्तही पडते. महाराष्ट्रात कोल्हापूर परिसरातील ओतशाळांमध्ये मोटारगाड्यांसाठी करड्या बिडाची ओतीवे मोठ्या प्रमाणावर तयार होतात. बिडाचा एक मोठा दोष म्हणजे ते झटकन गंजते. स्वयंपाकघरातील बिडाचा तवा ओला राहिला, तर एका रात्रीत त्यावर तांबूस थर चढतो. गतिरोधक चकतीची गतही तीच आहे. पावसात उभ्या राहिलेल्या गाडीच्या चकत्या सकाळी तांबूस दिसतात आणि गाडी चार-दोन वेळा थांबविली की पॅड तो थर खरवडून काढतात. मात्र टोपीच्या आतील बाजूस व तुंब्याच्या कडीभोवती पॅड पोहोचत नाहीत. जेथे घर्षण होते तेथे गंज टिकत नाही व जेथे ते होत नाही तेथे तो वर्षानुवर्षे साठत जातो. चकती अडकण्याचे मूळ कारण हेच होय.

पूर्वेतिहास : चाकावर लाकडी ठोकळा दाबून गाडीचा वेग आवरणे ही घोड्यांच्या व बैलांच्या गाड्यांवरील जुनी रीत आहे. इंग्लंडमधील डर्बीशर परगण्यातील डोंगराळ रस्त्यांवर गाडीवान अशा ठोकळ्यांना जुन्या बुटांचे तळवे ठोकीत, असे हर्बर्ट फ्रुड यांच्या पाहण्यात आले व त्यावरून घर्षण-अस्तराची कल्पना त्यांना सुचली, असे सांगितले जाते. फ्रुड यांनी १८९७ मध्ये या अस्तरांचा उद्योग सुरू केला.

मोटारगाडीच्या गतिरोधकांचे दोन मुख्य प्रकार जवळजवळ एकाच वेळी पुढे आले. ब्रिटिश अभियंते एफ्. डब्ल्यू. लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये चकती गतिरोधकाचे एकस्व (पेटंट) घेतले व त्याच वर्षी फ्रान्समध्ये ल्वी रनो यांनी ड्रमच्या आतून नाला बाहेरच्या बाजूस दाबणारा गतिरोधक पुढे आणला. लँचेस्टर यांच्या रचनेत तांब्याचे ठोकळे धातूच्या चकतीवर घासत. त्यामुळे कर्कश आवाज होई व त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवर ठोकळे लवकर झिजत. फ्रुड यांच्या ॲस्बेस्टसयुक्त अस्तराचा उपयोग १९०७ च्या सुमारास होऊ लागल्यावर आवाज कमी झाला, परंतु उघड्या चकतीवर बसणारी धूळ व पाणी यांवर उपाय सापडला नाही. ड्रममध्ये मात्र घर्षणाचे भाग झाकलेले असल्याने धूळ व चिखल यांपासून ते बरेच सुरक्षित राहत. म्हणून पुढील जवळजवळ अर्धशतक ड्रमचे वर्चस्व टिकून राहिले. अमेरिकेतील डूझेनबर्ग कंपनीने १९२१ मध्ये चारही चाकांना द्रवीय दाबाचे गतिरोधक असलेली गाडी आणली, तिचे गतिरोधकही ड्रम प्रकारचेच होते.

वेग व वजन वाढत गेले, तशी ड्रमची उणीव जाणवू लागली. ड्रम तापला की प्रसरण पावून आतील नालांपासून दूर सरकतो व कोंडलेली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. लांब उतारावर पायपट्टी अधिकाधिक खोल दाबावी लागते आणि अखेर गतिरोधक जवळजवळ निकामी होतो. उलट चकती उघड्या वाऱ्यात फिरते. ती तापून जाड झाली, तरी पॅडांकडेच सरकते. जो उघडेपणा प्रारंभी दोष ठरला होता, तोच अधिक वेगाच्या युगात गुण ठरला.

चकतीचा उदय : विमाने व रणगाडे यांच्यावर चकती गतिरोधकांचा उपयोग दुसऱ्या महायुद्धाच्या काळात झाला व त्यानंतर मोटारगाडीकडे पुन्हा लक्ष वळले. अमेरिकेतील क्रॉस्ली या छोट्या गाड्या बनविणाऱ्या कंपनीने १९४९ मध्ये चकती गतिरोधक बसविले, परंतु हिवाळ्यात बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यांवर टाकले जाणारे मीठ व चिखल यांमुळे त्यांचे भाग गंजून अडकू लागले. १९५० मध्ये कंपनीला ड्रमकडे परतावे लागले. घर्षण, उष्णता व दाब यांची गणिते जुळूनही एक उपक्रम केवळ गंजामुळे फसल्याचे हे ठळक उदाहरण आहे.

ब्रिटनमध्ये डनलॉप कंपनीने विमानांवरील अनुभवाच्या आधारे चकती गतिरोधक विकसित केले. ते बसविलेली जॅग्वार कंपनीची सी-टाइप गाडी १९५३ मध्ये फ्रान्समधील ल मां येथील २४ तासांच्या शर्यतीत टोनी रोल्ट व डंकन हॅमिल्टन यांनी ताशी सु. १७० किमी. सरासरी वेगाने चालवून पहिली आणली. लांब सरळ मार्गाच्या शेवटी प्रतिस्पर्ध्यांपेक्षा उशिरा वेग आवरता येणे, हा या गतिरोधकांचा मोठा फायदा होता. १९५५ मध्ये फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीने डी. एस. या गाडीच्या पुढील चाकांसाठी चकती गतिरोधक वापरले व मोठ्या संख्येने तयार होणाऱ्या गाड्यांत त्यांचा प्रवेश झाला.

सुटी चकती व गंज : मागील चाकांना शक्ती देणाऱ्या अनेक जुन्या गाड्यांत पुढील चाकाची चकती व तुंबा एकाच ओतिवाचे असत. चकती काढावयाची म्हणजे टोकाचा नट काढून धारव्यांसह (बेअरिंगांसह) सारा तुंबाच बाहेर घ्यावा लागे. काम वेळखाऊ होते, परंतु सुटे होणारे पृष्ठभाग ग्रीसमध्ये बुडालेले असल्याने ते गंजत नसत. पुढील चाकांना शक्ती देणाऱ्या गाड्या विशेषतः १९७० नंतर जगभर रूढ झाल्या. त्यांत तुंबा धारव्यात दाबून बसविलेला असतो व त्यातून चालक दंड जातो. चकती बदलण्यासाठी हा सारा जुडगा खोलणे परवडणारे नव्हते. म्हणून चकती वेगळी ओतून तुंब्यावर बाहेरून सरकविण्याची रचना सर्वत्र आली. कारखान्यात जुळणी करताना चकती जागेवर राहावी एवढ्यासाठीच तिला एक-दोन लहान स्क्रू दिले जातात, खरी पकड चाकाच्या बोल्टांची असते.

दुरुस्ती सोपी करण्यासाठी केलेल्या या बदलातूनच अडकण्याचा प्रश्न उद्‌भवला. चकतीचे भोक व तुंब्याची कडी यांत मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढीच फट असते. चकती मध्यावर बसण्यासाठी ती तशी असणे आवश्यक असते. या फटीत ना ग्रीस असते, ना रंग. केशाकर्षणाने आत शिरलेले पाणी लवकर वाळत नाही आणि लोखंड, पाणी व ऑक्सिजन यांच्या संयोगाने सजल आयर्न ऑक्साइड, म्हणजेच गंज, तयार होतो [⟶ गंजणे]. गंजाचे आकारमान तो ज्या लोखंडापासून झाला त्याच्या दुपटीहून अधिक असते. परिणामी फट भरून निघते व पुढे वाढणारा गंज पाचरीप्रमाणे दोन्ही भागांना एकमेकांविरुद्ध आवळून धरतो.

महाराष्ट्र व मराठवाडा : मराठवाड्यात मोटार वाहतुकीचा पाया हैदराबाद संस्थानाच्या काळात घातला गेला. निजामाच्या राज्य रेल्वेने जून १९३२ मध्ये २७ बसगाड्या व १६६ कर्मचारी यांसह रस्ते वाहतूक विभाग सुरू केला. तत्कालीन मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. १९५६ मधील राज्यपुनर्रचनेनंतर मराठवाड्यातील सेवा मुंबई राज्याकडे आली व महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर ती महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाचा भाग बनली. महामंडळाच्या दापोडी, चिकलठाणा व हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांनी आणि ठिकठिकाणच्या आगारांनी यंत्र-कारागिरांच्या अनेक पिढ्यांना काम दिले.

या कारागिरांचा परिचय प्रामुख्याने ड्रमशी होता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात बनणारी पद्मिनी व पश्चिम बंगालमधील अँबॅसडर या दोन्ही गाड्यांचे गतिरोधक दीर्घकाळ चारही चाकांना ड्रम प्रकारचेच होते. ड्रमही तुंब्यावर गंजून बसत असे. कारागीर त्याच्या तोंडावरील आटे पाडलेल्या भोकांत बोल्ट आवळून तो मागून ढकलीत किंवा कडेवर चौफेर ठोकून सैल करीत. १९८३ अखेर मारुती ८०० ही पुढील चाकांना शक्ती देणारी गाडी बाजारात आली. पुढे अशा छोट्या गाड्यांची संख्या वाढत गेली, तसतशी पुढील चाकांना चकती व मागील चाकांना ड्रम ही जोडी रूढ झाली. वाहनांच्या चाचण्यांसाठी पुणे येथे १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेत गतिरोधकांचीही परीक्षा केली जाते.

गंजाच्या दृष्टीने महाराष्ट्राचे दोन विभाग पडतात. मुंबई व कोकण किनाऱ्यावर हवेतील क्षारांमुळे बीड वर्षभर गंजते. मराठवाड्यात उन्हाळा कोरडा असतो व पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता सु. ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंड गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो. कोरड्या महिन्यांत तो मंद असतो, पण पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाकाच्या आतील बाजूस थापला जातो. ही माती पाणी धरून ठेवणारी असल्याने आकाश निवळल्यावरही तुंब्याभोवती ओल टिकून राहते. रोज धावणाऱ्या गाडीच्या चकत्या तापून वाळतात. लग्नकार्यापुरती किंवा बाजारापुरती बाहेर निघणारी व एरवी झाडाखाली उभी असणारी गाडी मात्र अधिक गंजते.

जळकोट हे लातूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव उदगीरच्या उत्तरेस, नांदेड जिल्ह्याच्या सीमेकडे बालाघाटच्या डोंगराळ प्रदेशात वसले आहे. चढउताराच्या रस्त्यांमुळे येथे गतिरोधकांवर ताण पडतो आणि मोठ्या कार्यशाळा उदगीर, लातूर, नांदेड अशा शहरांत असल्याने अशा गावी गाडी घराच्या अंगणात किंवा रस्त्याकाठच्या गॅरेजमध्ये खोलली जाणे स्वाभाविक आहे. अडकलेली चकती सोडविण्यामागील तत्त्वे अशा गावांना अपरिचित नाहीत. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढविताना लोहार ती गोवऱ्यांच्या आगीत तापवितो, प्रसरण पावलेली धाव लाकडी चाकावर सरकवितो व पाणी ओतून ती आवळून घेतो. चकती सोडविताना हीच क्रिया उलट दिशेने करावयाची असते.

सोडविण्याच्या रीती : प्रथम गाडी सपाट व कठीण जागी उभी करून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून दगड वा लाकडी ठोकळे लावतात. गाडी जॅकने उचलल्यावर तिचा भार भक्कम स्टँडवर घेतात. हातोड्याच्या दणक्यांनी जॅक निसटू शकतो, त्यामुळे केवळ जॅकच्या आधारावर हे काम करणे जिवावर बेतू शकते. मागील चाकाची चकती असल्यास हातगतिरोधक सैल केलेला असावा लागतो, कारण काही गाड्यांत त्याचे नाल चकतीच्या टोपीच्या आतच असतात. चाक काढल्यावर कॅलिपर व त्याची कमान सोडवून तारेने टांगतात. ते रबरी नळीवर लोंबकळत ठेवल्यास नळीला आतून इजा होऊन पुढे ती फुटण्याचा संभव असतो. चकतीचे लहान स्क्रू गंजलेले असल्यास साध्या पेचकसाने त्यांची खाच झिजून जाते. डोक्यावर ठोकल्यावर वळणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरल्यास दाब व पीळ एकाच वेळी मिळतो व स्क्रू बहुधा सुटतो.

यानंतर चकती सोडविण्याचे चार मार्ग आहेत व ते सौम्याकडून कठोराकडे या क्रमाने योजणे हिताचे असते.

(१) तेल : तुंब्याच्या कडीभोवती व बोल्टांच्या मुळाशी पातळ, भेदक तेल सोडतात. पृष्ठताण व श्यानता कमी असल्याने ते गंजातील बारीक भेगांतून आत झिरपते. अमेरिकेतील सॅन डिएगो येथे १९५३ मध्ये क्षेपणास्त्रांचे गंजण्यापासून रक्षण करण्यासाठी तयार झालेले डब्ल्यूडी-४० हे द्रव पुढे घरोघरी या कामासाठी वापरले जाऊ लागले. गावोगावी रॉकेल किंवा डिझेल यांचा उपयोग होत आला आहे. तेलाला काही तास, शक्य तर एक रात्र देणे महत्त्वाचे असते. तेल गंज विरघळवीत नाही, ते केवळ घर्षण कमी करते. म्हणून तेलानंतर हलके ठोके देऊन पुन्हा तेल सोडतात.

(२) आघात : गंज ठिसूळ असतो व कंपनांनी त्याला तडे जातात. टोपीच्या तोंडावर, बोल्टांच्या मधल्या जागी, हातोड्याचे ठोके देऊन चकती थोडी फिरवितात व पुन्हा ठोकतात. एकाच जागी जोर काढल्यास चकती तिरकी होऊन अधिकच अडकते. करडे बीड दाब चांगला सोसते, परंतु ताण सोसत नाही. त्यामुळे कडेवर मागून मारलेल्या दणक्याने चकतीचा तुकडा उडू शकतो. चकती पुन्हा वापरावयाची असल्यास घर्षण-पृष्ठभागाला हातोडा मुळीच लावीत नाहीत. प्रत्येक आघाताचा काही अंश धारव्यापर्यंत पोहोचतो. चाक अडकून घसरू न देणाऱ्या ए. बी. एस. यंत्रणेचे संवेदकही तुंब्याजवळच असतात. भारतात २०१९ पासून नव्या मोटारगाड्यांना ही यंत्रणा सक्तीची झाल्याने घणाच्या उपयोगावर अधिकच मर्यादा आली आहे.

(३) मळसूत्र : अनेक, विशेषतः जपानी बनावटीच्या, गाड्यांच्या चकतीवर आटे पाडलेली दोन भोके असतात. त्यांत बहुधा ८ मिमी. व्यासाचे बोल्ट बसतात. ते आळीपाळीने पाव-पाव फेरा आवळले की त्यांची टोके तुंब्यावर रेटून चकतीला बाहेर ढकलतात. २० सेंमी. लांबीच्या पान्यावर १० किग्रॅ. वजनाइतका जोर लावला, तर आट्यांतील घर्षण धरूनही एका बोल्टाकडून सु. १,२०० किग्रॅ. वजनाइतका रेटा मिळतो. हा रेटा शांत, सरळ व आवरता येण्याजोगा असल्याने ही रीत सर्वांत चांगली समजली जाते. अशी भोके नसल्यास कॅलिपरच्या कमानीच्या भोकातून लांब बोल्ट व नट घालून चकतीला मागून रेटतात किंवा तीन पायांचा ओढक (पुलर) वापरतात.

(४) उष्णता : टोपीचा भोकाजवळचा भाग तापविल्यास भोक मोठे होते. ६५ मिमी. व्यासाच्या भोकाभोवतीचे बीड तुंब्यापेक्षा २००° से.ने अधिक तापले, तर व्यास सु. ०.१४ मिमी.ने वाढतो. ही वाढ मूळ फटीपेक्षा जास्त असल्याने गंजाची पकड तुटते. मात्र उष्णता तुंब्यात पोहोचली की तोही प्रसरण पावतो व फायदा नाहीसा होतो, शिवाय धारव्यातील ग्रीस व रबरी भाग जळतात. म्हणून हा उपाय जलद, थोडक्यात व चकती टाकून द्यावयाची असेल तेव्हाच योजतात. तेल किंवा रॉकेल लावलेल्या भागावर ज्योत धरल्यास आग लागते. गतिरोधक साफ करण्याच्या काही द्रवांत क्लोरीनयुक्त विद्रावक असतात, ते तापल्यास फॉस्जीन हा अत्यंत विषारी वायू निर्माण होऊ शकतो. घरगुती कामात हा मार्ग टाळणेच श्रेयस्कर होय.

पुन्हा बसविणे : चकती निघाली म्हणजे काम संपले, असा समज आढळतो. वास्तविक गतिरोधकाची पुढील वागणूक यानंतरच्या अर्ध्या तासावर अवलंबून असते. तुंब्याच्या तोंडावर गंजाची ०.०५ मिमी. जाडीची खपली राहिली, तर चकती तिरकी बसते व तिच्या बाहेरील कडेला सु. दुप्पट हेलकावा येतो. बहुतेक निर्माते हेलकाव्याची मर्यादा ०.१ मिमी.च्या आत ठेवतात. ताशी १०० किमी. वेगाने चाक सेकंदाला सु. १५ फेरे घेते व दर फेऱ्याला चकतीची एकच जागा पॅडला घासत राहते. काही हजार किलोमीटरनंतर चकतीची जाडी असमान होते आणि पायपट्टी व सुकाणू थरथरू लागतात. दोष नव्या चकतीला दिला जातो, परंतु तो असतो जुन्या गंजाचा. म्हणून तुंब्याचे तोंड व कडी तारेच्या ब्रशाने धातू दिसेपर्यंत घासतात. कडीवर न चिकटू देणाऱ्या लेपाचा अगदी पातळ हात देतात. बोल्टांच्या आट्यांना तो लावीत नाहीत, कारण त्यामुळे बोल्ट ठरल्यापेक्षा अधिक आवळले जातात. नव्या चकतीवरील संरक्षक तेल व जुन्या चकतीवर उडालेले भेदक तेल पूर्णपणे पुसून काढतात. जुनीच चकती बसविताना तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा ती कमी झालेली नाही, हे मोजून पाहतात. एका धुरीवरील दोन्ही चकत्या व पॅड एकाच वेळी बदलतात, अन्यथा गाडी थांबताना एका बाजूला ओढते. चाकाचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने निर्मात्याने दिलेल्या मापाएवढेच आवळतात. गाडी हलविण्यापूर्वी पायपट्टी घट्ट लागेपर्यंत अनेकदा दाबणे अत्यावश्यक असते. दट्ट्या मागे ढकललेला असल्याने पहिल्या दाबाला गतिरोधक लागत नाही व हे विसरल्यामुळे अपघात घडू शकतात.

जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टस असल्याने त्यांची धूळ फुप्फुसांना घातक असते. त्यामुळे गतिरोधकातील धूळ फुंकून किंवा दाबाखालील हवेने उडविणे टाळतात व ती ओल्या फडक्याने टिपून घेतात.

अलीकडील प्रगती : चकतीचे गंजणे कमी करण्यासाठी टोपीवर व कडेवर जस्त-ॲल्युमिनियमयुक्त लेप देणे आता सामान्य झाले आहे. पृष्ठभागात नायट्रोजन व कार्बन मुरवून तो कठीण व गंजरोधक करण्याची पद्धतही वापरात आहे. मोटारसायकलींच्या उघड्या दिसणाऱ्या चकत्या निष्कलंक पोलादाच्या करतात, परंतु त्याची उष्णतासंवाहकता बिडापेक्षा कमी असल्याने जड गाड्यांसाठी ते सोयीचे ठरत नाही. कार्बन-सिरॅमिक चकत्या गंजत नाहीत, मात्र अतिशय महाग असतात. यूरोपीय संघाने २०२४ मध्ये संमत केलेल्या ‘यूरो ७’ नियमांत गतिरोधकांतून उडणाऱ्या सूक्ष्म कणांवर प्रथमच मर्यादा घातली असून कठीण लेपाच्या चकत्यांना त्यामुळे चालना मिळाली आहे.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांनी या इतिहासाला अनपेक्षित वळण दिले आहे. त्यांत वेग कमी करण्याचे बरेचसे काम चालक मोटर जनित्राप्रमाणे चालून करते. पॅडांना काम उरत नाही व घर्षणाने साफ होणारे पृष्ठभागही गंजू लागतात. हे टाळण्यासाठी फोक्सवॅगन कंपनीने २०२० मध्ये ग्राहकांच्या हाती दिलेल्या आयडी-३ या गाडीच्या मागील चाकांना पुन्हा झाकलेले ड्रम बसविले. उष्णतेच्या प्रश्नामुळे मागे पडलेला ड्रम अशा रीतीने गंजाच्या प्रश्नामुळे परत आला आहे. बिडाच्या चकत्या असलेल्या कोट्यवधी गाड्या मात्र अद्याप रस्त्यांवर आहेत. त्यांच्या बाबतीत चकती बसवितानाच तुंबा स्वच्छ करून पातळ लेप देणे, हा ती पुढे अडकू न देण्याचा सर्वांत स्वस्त व खात्रीचा उपाय आहे.